क्रोम केलेलं पिनियन

बारा वर्षं मी अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत, हीट ट्रीटमेंटच्या एका कारखान्यात नोकरी केली. ट्रॅक्टरचे, ट्रकचे, साखर कारखान्यांच्या यंत्रांचे गियर आमच्याकडे मऊ यायचे आणि भट्टीतून कडक होऊन जायचे. निघालेला प्रत्येक लॉट माझ्या टेबलावर यायचा. कडकपणा मी मोजायचे, रिपोर्टवर सही माझी. शॉपवर मी एकटीच बाई. माझ्या सहीचा एकही गियर त्या बारा वर्षांत तक्रार होऊन परत आला नव्हता. बढाई म्हणून सांगत नाही. पुढं जे झालं ते मला इतकं का लागलं, ते कळावं म्हणून सांगते.

मोठे मालक थकले आणि त्यांचा मुलगा कारखाना बघायला लागला. त्याला ड्रॅग रेसचा नाद. दोन गाड्या शेजारी उभ्या करायच्या आणि पाव मैल सरळ सुसाट सोडायच्या, एवढाच तो खेळ. पण गाडी सुटते त्या क्षणी इंजिनाचा सगळा जोर मागच्या ॲक्सलमधल्या दोन गियरवर येतो, क्राऊन आणि पिनियनवर. ते टिकले तर गाडी पळते.

त्याच्या गाडीचा सेट आम्हीच कडक केला. मी तपासला, सही केली. तेव्हा तो मोबाईल पुढं करून म्हणाला, "मॅडम, हे बघा. क्रोम केलेले गियर. आरशासारखे चमकतात. आपण पण करू या."

"नका करू," मी म्हणाले. "क्रोमच्या ॲसिडच्या टाकीत कडक पोलादात हायड्रोजन शिरतो. वरून हिरा दिसेल, आतून खारी बिस्किटासारखं होईल. करायचंच असेल तर टाकीतून काढल्या काढल्या ओव्हनमध्ये तासन् तास भाजायला लागेल."

"बघू," तो म्हणाला.

सेटसोबत फिरणाऱ्या जॉबकार्डावर मी लाल पेनानं लिहिलं : बेकिंग केल्याशिवाय बसवू नये. त्यानं प्लेटिंग करून आणलं आणि तसंच बसवलं. शर्यतीची घाई होती.

शेजारच्या जिल्ह्यातल्या एका जुन्या धावपट्टीवर शर्यत होती. हिरवा दिवा लागला, त्यानं क्लच सोडला आणि पिनियनचे दोन दात तुटले. त्यातला एक गियरभोवतीचं लोखंडी कवच, हौसिंग, फोडून बाहेर आला आणि कडेला उभ्या असलेल्या त्याच्या मित्राच्या पोटरीत घुसला. मित्र वाचला. पाय मात्र अजून ओढत चालतो.

सोमवारी चहाच्या सुट्टीत मालकाच्या मुलानं सगळ्या कामगारांना शॉपवर गोळा केलं. मला वाटलं, मित्रासाठी काही मदत जमवायची असेल. तो माझ्याकडं बोट करून म्हणाला, "यांच्या चुकीनं माझा मित्र जन्माचा लंगडा झाला. हार्डनिंग चुकलं आणि यांनी डोळे झाकून सही केली. बाईच्या हातात टेस्टिंग दिलं की हेच होणार."

मी जॉबकार्ड मागितलं. कार्ड आलं ते नवं होतं. लाल अक्षरं कुठंच नव्हती. मोठे मालक काचेच्या केबिनमध्ये बसून सगळं बघत होते. मी आत गेले तर म्हणाले, "झालं गेलं सोडा. उद्यापासून येऊ नका." त्यांना खरं ठाऊक होतं. त्यांनी माझ्याकडं बघितलं नाही, त्यावरूनच मला ते कळलं.

मग कुणीच कामावर घेईना. चिंचोळीच्या दोन कारखान्यांत मुलाखतीला गेले, दोन्हीकडं माझ्याआधी बातमी पोचलेली. आमच्या घरात माफ करायची रीत नाही. आई जावेशी मरेपर्यंत बोलली नव्हती, आणि मला ते तेव्हा मूर्खपणाचं वाटायचं.

कारखान्यात भट्टीवर काम करणारे एक म्हातारे होते, सगळे त्यांना मामा म्हणायचे; ते एका संध्याकाळी घरी आले. त्यांनी जेवणाचा डबा उघडला. आत चिंधीत गुंडाळलेला पिनियनचा तुटलेला दात होता. "भंगारात टाकलेला. उचलून आणला," ते म्हणाले. पॉलिटेक्निकच्या प्रयोगशाळेत मी तो सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला. आमचं हार्डनिंग अगदी जसं हवं तसं होतं. तडा क्रोमच्या थराखालून सुरू झाला होता आणि कणाकणांच्या सांध्यातून गेला होता. हायड्रोजननं मारलेल्या पोलादाची खूण तशीच असते. फोटो काढले, प्रिंट मालकांना पाठवले. उत्तर नाही.

कुंभारीच्या रस्त्यावर मी एक शेड घेतलं. भट्टी नव्हती, म्हणून कडक झालेल्या गियरवर नंतर जे करायचं तेवढंच काम धरलं. आधी बारीक पोलादी छऱ्यांचा मारा. त्यानं वरची कातडी दाबून बसते आणि तडा सहजी धरत नाही. मग सिरॅमिकचे दगड भरलेल्या, थरथरणाऱ्या भांड्यात तासन् तास घोळवायचं, म्हणजे दात गुळगुळीत होतात आणि दाताला दात घासत नाही. शेवटी फॉस्फेटचा काळा थर, तेल धरून ठेवायला. दिसायला अगदी तव्यासारखं. ते दगड दिवसभर खळखळायचे आणि मी शेजारी स्टुलावर बसून मालकाच्या मुलाचंच तोंड आठवत राहायचे.

मोहोळचा एक ट्रॅक्टर मिस्त्री आला. जुनी जीप ड्रॅगसाठी बांधत होता. "ताई, तुमीच का त्या दात तुटलेल्या गियरवाल्या?"

"व्हय, मीच," मी म्हणाले. "आणि तो दात मी तोडला नाही."

"म्हाईत हाय की. म्हणूनच आलोय."

त्याच्या सेटवर मी आठवडाभर बसले. प्रत्येक दात भिंगाखाली बघितला. त्याच धावपट्टीवर, पुढच्या वर्षी, ती जीप मालकाच्या मुलाच्या गाडीशेजारी उभी राहिली. मी रेलिंगला धरून होते. जीप दोन गाड्यांच्या अंतरानं पुढं निघून गेली. मिस्त्री हात वर करून ओरडत होता आणि मी फक्त हरलेल्या गाडीच्या काचेतलं तोंड बघत होते. इतका आनंद मला लग्नातसुद्धा झाला नव्हता.

त्यानंतर शर्यतवाले माझ्याकडं यायला लागले. आणि एक दिवस तो आला. नवा क्राऊन-पिनियन कापडात गुंडाळून.

"मॅडम, जुनं विसरा. पुढच्या आठवड्यात शर्यत आहे. तुमच्यासारखं फिनिशिंग दुसरं कुणी करत नाही."

एक क्षण मनात आलं, घ्यावं काम आणि ॲसिडच्या टाकीत बुडवून तसंच द्यावं. बाहेरून कुणाला कळलं नसतं. पण रेलिंगजवळ माणसं उभी असतात. एक पाय आधीच गेला होता. मला त्याची मान खाली हवी होती, कुणाचा पाय नको होता.

"उद्या चहाच्या सुट्टीत तुमच्या शॉपवर सगळ्यांना बोलवा," मी म्हणाले. "क्रोम कुणी केलं, बेकिंग कुणी केलं नाही, कार्ड कुणी बदललं, ते त्यांच्यासमोर सांगा. त्या मित्रालाही बोलवा. सेट तोवर इथंच राहू द्या. मग बघू."

त्यानं ते केलं. शर्यतीसाठी माणूस काय काय करतो. मी गेले तेव्हा तीच माणसं, तीच जागा. तो खाली बघत पुटपुटला. मी म्हणाले, "मागं ऐकू येत नाही." त्याला परत, मोठ्यानं सांगायला लावलं. मित्र भिंतीला टेकून उभा होता. ऐकून झाल्यावर तो पाय ओढत फाटकाबाहेर गेला. मोठे मालक या वेळीही केबिनमध्येच होते.

मग मी पिशवीतून त्याचा सेट काढला आणि सगळ्यांच्या देखत त्याच्या हातात ठेवला. जसा आणला होता तसाच.

"हे काय? तुम्ही म्हणालात..."

"बघू म्हणाले होते. बघितलं. नाही करत."

कुणीतरी हसलं. त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. त्या शर्यतीला तो उतरला नाही. पुढं गाडी विकली, असं ऐकलं.

फाटकापर्यंत मामा माझ्यासोबत आले. "पोरी, बरोबर केलंस," ते म्हणाले. "पण लई केलंस. सांगून झालं होतं की त्याचं."

"त्याचं झालं होतं, मामा. माझं नव्हतं."

त्यांनी मान हलवली आणि भट्टीकडं परत गेले. तेव्हापासून ते माझ्या शेडवर आलेले नाहीत. दोनदा निरोप धाडला, येतो म्हणतात आणि येत नाहीत. त्याचं वाईट वाटतं. बाकी कशाचंच वाटत नाही.