पांढऱ्या पडलेल्या पाटल्या

ती घटना आजही आठवली की माझी नजर आधी बोटातल्या अंगठीवर जाते. ती पिवळी दिसली की बरं वाटतं.

२००५च्या सुमाराचा हिवाळा. अमेरिकेत, नॉर्थ कॅरोलिनातल्या कॅरी शहराच्या बाजूला मी पोलिसांत डिटेक्टिव्ह होतो आणि आमच्या खात्यात मराठी समजणारा मी एकटाच. हॉस्पिटलमधून खबर आली. सहा वर्षांची मराठी मुलगी, हात थरथरतात, पेन्सिल धरवत नाही, रक्तात पारा. डॉक्टरांचा संशय आजीवर होता. नागपूरहून येताना तिने कसल्याशा भस्माच्या पुड्या आणल्या होत्या. पुड्या तपासणीला गेल्या आणि निकाल येईपर्यंत मुलीला घरी सोडायचं नाही, असा आदेश निघाला.

जबाब घ्यायला मी त्यांच्या घरी गेलो. थंडीमुळे सगळ्या खिडक्या बंद. आजी स्वयंपाकघरात बसल्या होत्या, दोन्ही हात पदराखाली. जो हात लपवतो तो गुन्हा लपवतो, असा माझा पंचवीस वर्षांच्या नोकरीतला पक्का समज होता.

"नातीला काय चारलं?"

"काहीच नाही, साहेब. पुड्या माझ्या गुडघ्यांसाठी आहेत."

"खरं सांगा. नाहीतर नात या घरात परत येणार नाही."

हे मी बोललो. लिहितानाही लाज वाटते. आजींनी पदर आणखी घट्ट ओढला. त्यांचा आयटीतला मुलगा बाजूला उभा राहून फरशीकडे बघत होता.

चार दिवसांनी अहवाल आला. पुड्यांत पारा नव्हता. मुलीलाही हॉस्पिटलमध्ये उतार पडत होता, म्हणून दुसऱ्या दिवशी तिला घरी सोडायचं ठरलं. ही बातमी द्यायला मी पुन्हा गेलो. आजी चहा घेऊन आल्या आणि त्यांच्या हातातला कप बशीवर वाजायला लागला. आता त्यांचेही हात थरथरत होते. पदर सरकला. मनगटातल्या सोन्याच्या पाटल्या पांढऱ्याफटक पडल्या होत्या.

माझे आजोबा सराफाकडे कामाला होते. पारा लागला की सोनं पांढरं पडतं, हे मला लहानपणापासून ठाऊक.

"हे कधीपासून?"

"फोडणीचं कढलं घासलं तेव्हापासून. सोनं पांढरं पडलं म्हणजे घरावर काहीतरी येणार, म्हणून कुणाला दाखवलं नाही."

मी शेजारी उभ्या असलेल्या त्यांच्या मुलाकडे वळलो. "कढल्यात काय होतं?"

"काका, मी वीकेंडला ओढ्यात गोल्ड पॅनिंग करतो, रेती चाळून सोनं शोधतो. एक जड, चंदेरी गोळी सापडली. त्यातला पारा तापवून उडवला की आतलं सोनं राहतं, असं तिथे एकाने सांगितलं, म्हणून ती कढल्यात गॅसवर तापवली. मुलीचं कानातलं करायचं होतं. परमिट घेतलं नव्हतं आणि ग्रीन कार्ड प्रोसेसमध्ये आहे, म्हणून गप्प बसलो. पण पारा तर उडून गेला ना?"

"उडून कुठे गेला?"

आम्ही तिघांनी छताकडे पाहिलं, मग कार्पेटकडे. मी कप खाली ठेवला. माझ्यावर एकदा पिस्तूल रोखलं गेलं होतं, तेव्हाही मी इतका घाबरलो नव्हतो. पिस्तूल निदान दिसतं.

लगेच घर रिकामं केलं, मुलीचा डिस्चार्ज थांबवला. पुढे कार्पेट, पडदे, तिची खेळणी, सगळं काळ्या पिशव्यांत भरून गेलं.

नंतर मी तो ओढा बघून आलो. दीडशेहून जास्त वर्षांपूर्वी तिथे वसाहतवाल्यांची सोन्यासाठी झुंबड उडाली होती. मूळ रहिवाशांची ती जमीन. तिचे काठ फोडले, गुलामांना राबवलं, सोनं वेगळं करायला पारा ओतला. सोनं गेलं, पारा तळाशी राहिला. त्या गुलामांचेही हात असेच थरथरले असतील, त्यांचा जबाब कोणी घेतला नाही. मी गेलो त्या दिवशीही दोन कुटुंबं तिथे मुलांना घेऊन रेती चाळत होती. मी ओरडूनच त्यांना बाहेर काढलं.

मुलगी वाचली. तिला पेन्सिल नीट धरायला सहा महिने लागले. भारतात परतण्याआधी आजी मला म्हणाल्या, "साहेब, पहिल्या दिवशी तुम्हाला पाटल्या दाखवाव्या असं मनात आलं होतं. पण नात मिळणार नाही म्हणालात आणि मी भ्यायले."

भ्यालेला माणूसही हात लपवतो, हे मला निवृत्तीच्या तोंडावर कळलं. त्या दिवशी कप वाजला नसता, तर दुसऱ्या सकाळी त्या मुलीला माझ्याच गाडीतून मी त्या घरात सोडून आलो असतो.