साहेबाचा हातोडा

दसऱ्याला खोबरेल तेलाने पुसलेल्या लोखंडाचा वास आला, की मला आबांच्या हातातला हातोडा दिसतो. तो पणजोबांना इंग्रज जंगलसाहेबाने दिला होता. पणजोबांनी एका शब्दात साहेबाचं मन वळवून शेजारच्या गोंड गावाच्या देवाचं झाड वाचवलं, असं आबा दर दसऱ्याला सांगत. त्यावर भाषण करून मी शाळेत टाळ्याही मिळवल्या होत्या.

त्या वर्षी त्या गावचे म्हातारे पुजारी सोनं द्यायला आले. हातोड्याच्या तोंडावरचं कुंकू त्यांनी अंगठ्याने पुसलं. खाली कोरलेला शिक्का होता.

"पोरी, जे झाड तोडाचं, त्यावर खूण म्हणून हा ठोकत. आमच्या देवाच्या झाडावर तुह्या पणज्यानंच ठोकला."

"आबा, खोटं हाय ना हे?"

"पूजा करून राह्यलो, दिसत नाई काय तुले?"

पुजाऱ्यांनी शांतपणे आबांच्या हातावर आपट्याचं पान ठेवलं आणि निघाले. ते फाटकाबाहेर पडताच आबांनी चिमूटभर कुंकू घेऊन शिक्का पुन्हा बुजवला. दरवर्षी कुंकू नेमकं तिथेच का लागतं, हे मला तेव्हा कळलं.

हातोडा आता माझ्याकडे आहे. तेल लावते, कुंकू नाही.