खिडकीतला पेला

माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार कुणाचे, तर आमच्या जिंतूरच्या पाठक सरांचे. आमच्या घरात माझ्याआधी कुणी दहावीच्या पुढे गेलं नव्हतं. सरांनी मला शाळा सुटल्यावर घरी बोलावून कितीतरी वर्षं शिकवलं, फुकट. आज मी मुंबईत शिक्षक आहे तो त्यांच्यामुळे. हे आधी सांगतोय, कारण पुढचं वाचून कुणी त्यांच्याबद्दल घाईने मत करून घेऊ नये. मी स्वतः अजून केलेलं नाही.

दुसरं म्हणजे, माझा असल्या प्रकारांवर विश्वास नाही. देवदेवस्की, अंगात येणं हे सगळं आजोबांनी धम्म स्वीकारला तेव्हाच आमच्या घरातून गेलं. भुताखेतांच्या अनुभवांच्या या ग्रुपवर मी आजवर फक्त वाचायला यायचो... आणि खरं सांगायचं तर हसायला.

अंधेरी पूर्वेला, आरे कॉलनीच्या हद्दीला लागून एक खाजगी शाळा आहे, तिथे मी मराठी शिकवतो. परदेशातल्या कॉलेजांची तयारी करायला मुलं इथे अकरावी-बारावीला येतात. शाळेचं नाव आहे ते नाटक, चित्रकला, नाच यांच्यासाठी. मराठी म्हणजे टाइमटेबलमधली भरती.

नाटकाच्या वर्गात एक पद्धत आहे — 'माणूस आणणे'. शाळेतला एक माणूस निवडायचा, काही आठवडे त्याच्यावर नजर ठेवायची आणि मग तो स्टेजवर 'आणायचा', म्हणजे हुबेहूब साकारायचा. खरा माणूस समोर खुर्चीत बसतो. शेवटपर्यंत त्याने बोलायचं नाही, उठायचं नाही, असा नियम. आधी एकाने कॅन्टीनच्या मावशींना आणलं होतं. त्या हसत बसल्या होत्या, पण नंतर दिवसभर कुणाशी बोलल्या नाहीत.

यंदा तारिणीने मला निवडलं. अंधेरीतच वाढलेली, बोलायला गोड मुलगी. पण मराठीच्या तोंडी परीक्षेत दोन वाक्यं सलग बोलताना तिची वाट लागायची.

जेवणाच्या सुट्टीनंतरचा तास होता. खिडक्या उघड्या, भरपूर ऊन. नाटक विभागाच्या प्रमुख रितू मॅडम म्हणाल्या, "खरात सर, रिलॅक्स हां. मुलं प्रेमानेच करतात."

तारिणीने सुरुवात केली. मी डबा धुऊन रुमालाने पुन्हा पुन्हा पुसतो. शिपायाला एकाच कामासाठी दोनदा थँक्यू म्हणतो. मीटिंगमध्ये इंग्लिश विनोद झाला की आधी इकडेतिकडे बघतो, मग हसतो. हे शेवटचं मला माहीत नव्हतं. मुलं हसून लोळत होती. मागून कुणीतरी म्हणालं, "सेम टू सेम, यार." मीही हसलो — आणि हसण्याआधी इकडेतिकडे बघितलं, त्यावर आणखी हशा झाला.

मग तिने डबा खाली ठेवला. जमिनीवर मांडी घातली. नसलेला चष्मा कपाळावर सरकवला, हात मानेमागून शर्टात घातला आणि न दिसणारा एक दोरा खाली-वर ओढत पाठ खाजवू लागली.

मुलांना वाटलं, ही माझीच लकब. मी मात्र ओळखलं. जानव्याने अशी पाठ खाजवायचे ते पाठक सर. मी जानवं घालत नाही, आणि सरांविषयी शाळेत कधी कुणाशी बोललेलो नाही.

तिने आतल्या खोलीकडे बोलावं तशी मान वळवली. आवाज तिचाच, पण बोलणं आमच्या सरांचं. कुठे अडखळणं नाही.

"अगं, मिलिंद आलाय. पाणी दे त्याला... तो नको. खिडकीतला पेला घे, त्याचा. आणि हसून दे. पोरगं हुशार आहे. कळलं तर यायचं नाही."

मग टाळ्या.

तो स्टीलचा पेला मला आठवतो. काठाला चेमटलेला. पाठककाकू हसत पुढे करायच्या, "हा आमच्या मिलिंदचा." सरांच्या घरात माझा स्वतःचा पेला आहे, हे मी गल्लीतल्या पोरांना ऐटीत सांगायचो.

तास संपल्यावर मी तारिणीला विचारलं, "ते शेवटचं कुठून आणलंस?"

"माहीत नाही सर. आलं. मला अर्धं समजलं पण नाही." मग जरा घुटमळून, "सर, तुमचे डोळे भरले ना, ते पण रेकॉर्ड झालंय. मॅम बोलल्या, कॉलेजच्या ऑडिशनला हेच पाठवू. चालेल ना?"

"सर, असं काम रोज होत नाही," रितू मॅडम म्हणाल्या. "तुम्हाला अभिमान वाटायला पाहिजे."

मी चालेल म्हणालो. थँक्यूही म्हणालो.

रेकॉर्डिंग नंतर पाहिलं. शब्द तेच आहेत, मला भास झालेला नाही. संध्याकाळी मायला फोन केला.

"माय, पाठक सरांकडं माझा पेला वेगळा होता का?"

ती म्हणाली, "तुला आज कळालं व्हय?"

"तुला माहीत होतं?"

"सरांच्या बाई वरून पाणी सोडून धुवायच्या त्याला. म्या बघितलं ना."

"मग रोज कशाला धाडायचीस मला?"

"शिकायचं होतं का न्हाई तुला?" ती म्हणाली. "जेवलास का?"

म्हणजे गोष्ट खरी. पण स्वयंपाकघरात माझ्या माघारी बोललेलं वाक्य, जे मीही कधी ऐकलं नव्हतं, ते या मुलीच्या तोंडी कसं आलं? सर गेलेले असते तर निदान भूत म्हणता आलं असतं. काकू गेल्या, सर ठणठणीत आहेत. तारिणीला त्या रेकॉर्डिंगवर परदेशातल्या कॉलेजात प्रवेश मिळाला.

खरं तर भीती त्या प्रकाराची वाटत नाही. सरांनी मला जीव लावला होता की नाही, एवढंच मला हवं आहे. त्यांना फोनवर नीट ऐकू येत नाही, म्हणून पत्र पाठवलं. उत्तर अजून आलेलं नाही. पत्र असं होतं —

आदरणीय सर,

सविनय नमस्कार. मी इकडे खुशाल आहे. तुम्ही शिकवलंत म्हणून दोन घास सुखाचे खातो, हे रोज आठवतं. दिवाळीच्या सुट्टीत मुलीला घेऊन तुमच्या दर्शनाला येतो आहे. यंदा ती शाळेत जाऊ लागली. कुणाच्याही घरी गेली की आधी पाणी मागते. काकू नाहीत, तेव्हा पाणी तुम्हालाच द्यावं लागेल. पेला कुठला, ते तुम्ही ठरवा.

पोरगी हुशार आहे, सर. कळलं तर यायची नाही.

तुमचा विद्यार्थी,
मिलिंद