तनयाची वाट

स्नेहलताबाईंनी मिरजेच्या दवाखान्यात तीस वर्षं नर्सची नोकरी केली. नवरा गेला तेव्हा क्षितिज दोन वर्षांचा. पोटाला चिमटा काढून त्याला इंजिनिअर केला, तर तो जाऊन बसला थेट जर्मनीच्या उत्तर टोकाला, फ्लेन्सबुर्गला. सून तनया. तिच्याशी बाईंचं भांडण असं नव्हतं. पण रविवारच्या फोनवर टोचून बोलल्याशिवाय त्यांना राहवत नसे. सून रोज सकाळी अंधारातच एकटी फिरायला जाते, हे कळल्यावर त्या म्हणाल्या होत्या, "लेकरू घरात झोपलेलं आणि ही गावभर भटकते!"

तनया उलट बोलायची नाही. "आई, या ना एकदा इकडे," एवढंच म्हणायची. थंडी सोसत नाही, असं सांगून बाईंनी सात वर्षं टाळलं.

ऑगस्टमध्ये तनया ऑफिसात चक्कर येऊन पडली, ती उठलीच नाही. छत्तिसावं नुकतंच लागलं होतं.

बाई नोव्हेंबरात पोचल्या. क्षितिज लॅपटॉपमध्ये डोकं घालून बसे. नऊ वर्षांच्या स्वरालीला मराठीत काही विचारलं तर ती जर्मनमध्ये तुटक उत्तर देई. बाईंना पहाटे पाचला जाग यायची आणि उजाडायला आठ वाजून जायचे. डिसेंबरातल्या एका सकाळी घर अगदी खायला उठलं. आपला कोट पुरणार नाही म्हणून त्यांनी तनयाचं केशरी जॅकेट चढवलं आणि खाडीच्या काठी गेल्या.

काठच्या पाण्यावर सायीसारखा पातळ बर्फ धरला होता. हंस माना पंखांत खुपसून निजले होते. पायाखाली गोठलेलं गवत करकर मोडत होतं. पलीकडच्या किनाऱ्यावर, डेन्मार्कात, उजेडाची एक फिकट रेघ उमटली, आणि कितीतरी महिन्यांनी बाईंना छातीभर श्वास घेता आला.

"तनया!"

काठी टेकत एक म्हातारी लगबगीने येत होती. जवळ येऊन तिने बाईंचा चेहरा पाहिला आणि थबकली. "तनया?" तिने हळूच विचारलं.

आयुष्यभर रुग्णांच्या नातेवाइकांना वाईट बातमी सांगितलेल्या बाईंनी नुसती मान हलवली. म्हातारीला कळलं. ती तिथल्या बाकावर बसली आणि लहान मुलासारखी रडली. बाई तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या.

शनिवारी त्या स्वरालीला सोबत घेऊन गेल्या. म्हातारी, फ्राऊ योहानसेन, बाकावर वाटच पाहत होती. खुब्याच्या ऑपरेशनमुळे ती उन्हाळ्यापासून घरात अडकली होती. तनया तिला रोज इथेच भेटायची; एकमेकींचं घर दोघींनाही ठाऊक नव्हतं. म्हातारी जर्मनमध्ये बोलत गेली, आणि स्वराली शब्द शोधत शोधत मराठीत सांगू लागली.

"मम्मा म्हणायची, की माझ्या सासूबाईंनी एकटीने मुलगा वाढवला. ती म्हणायची, मला त्यांची भीती वाटते." स्वराली थांबली.

"सांग बाळा, सगळं सांग."

"पण त्या आल्या ना, की त्यांना सकाळी इथे आणणार. त्यांनी कधी... आल्झो... म्हणजे... नुसतं स्वतःसाठी चालून पाहिलं नाही, म्हणून."

बाईंनी तोंडाला पदर लावला. स्वराली त्यांना बिलगली आणि आईच्या जाण्यानंतर पहिल्यांदाच मोठ्याने रडली.

त्या संध्याकाळी बाईंनी क्षितिजसमोर चहा ठेवला. "मी तिला फार बोलले रे. कधी एक गोड शब्द नाही."

"मला कधी त्याबद्दल बोलली नाही ती," क्षितिज म्हणाला. "रविवारी फोन ठेवला, की म्हणायची, आईंचा आवाज आज बरा वाटला."

फेब्रुवारीत व्हिसा संपेपर्यंत बाई रोज खाडीवर जात राहिल्या. शनिवार-रविवार स्वराली सोबत असे. कधी मराठीत बडबडे, कधी गप्प चाले. सूर्य वर आला की म्हातारी बोट दाखवी आणि तिघी थोडा वेळ उभ्या राहत. बाईंना तेवढ्या वेळापुरतं बरं वाटे, आणि लगेच मनात येई, हे दाखवायला तनया बोलावत होती.