देवाने वाचवलेली

“आधी हिचं तोंड धुवून आणा. फोटोत बरं दिसत नाही,” बाई म्हणाल्या.

मी रडत होते. हडपसरच्या कारखान्यात माझ्याबरोबर गाद्यांच्या खोळी शिवणाऱ्या पाच जणी चार दिवसांपूर्वी जळून मेल्या होत्या. आज त्यांच्या वस्तीत आमच्या चर्चची प्रार्थनासभा होती. पुढे सतरंजीवर मेलेल्यांच्या घरची माणसं बसली होती, प्रत्येकाच्या मांडीवर चर्चने वाटलेलं नवंकोरं ब्लँकेट. मे महिना होता.

बाई म्हणजे कारखान्याच्या मालकीणबाई. मालक आमच्याच मंडळीतले, म्हणजे आमच्याच चर्चचे, तिथला कारभार बघणाऱ्या पंचमंडळात. आम्हीही त्याच मंडळीतले, पण मागच्या बाकावरचे. माझी आई चर्च झाडायची आणि आम्ही चर्चच्या आवारातल्या एका खोलीत राहायचो.

मी तोंड धुऊन आले. बाईंनी हातात कागद दिला. “हे वाच. आणि अशी रडकी उभी राहू नकोस, तू तर वाचलीस ना?”

आमच्यात साक्ष द्यायची पद्धत आहे. आजारातून उठलेला, परीक्षेत पास झालेला कोणीही उभा राहून सांगतो, देवाने माझ्यासाठी काय केलं. लहानपणापासून मी ते ऐकत आले. ते कोणासमोर सांगावं, कोणासमोर सांगू नये, याचा विचार आमच्यात कधी कोणी केला नव्हता. मीही केला नाही.

मी वाचलं. “त्या दिवशी प्रभूने मला कामावरून दूर नेले. आगीतून मला वाचवले. त्याचे माझ्यावर प्रेम आहे.”

आमची माणसं “आमेन” म्हणाली. कोणीतरी फोटो काढला.

पहिल्या रांगेत संगीची आई होती. संगीचं मशीन माझ्या मशीनला लागून होतं. तिच्या डब्यातली भाकरी मी रोज खायचे. तिची आई ओरडली नाही. तिने मला नुसतं विचारलं, “आन् माझ्या संगीवर न्हवतं व्हय त्याचं प्रेम?”

सभा चालवणाऱ्या पाळकसाहेबांनी घाईघाईने गीत सुरू केलं. आणि मी ते म्हटलं. तिच्या तोंडाकडे न बघता, टाळ्या वाजवत, चारही कडवी म्हटली.

बाईंनी तोंड धुवायला लावलं त्याची लाज नंतर गेली. या गाण्याची अजून गेलेली नाही.

खरं काय होतं ते मला माहीत होतं. त्या दिवशी बाईंकडे महिला मंडळाची बैठक होती. पन्नास बायकांसाठी करंज्या करायच्या होत्या. त्यांनी सकाळी ड्रायव्हर पाठवून मला मशीनवरून उठवलं. कॅम्पातल्या त्यांच्या बंगल्यात मी दुपारपर्यंत खोबरं खवत बसले होते. देवाने मला दूर नेलं म्हणे! नेलं ते बाईंच्या गाडीने, तेही फुकटात राबवायला.

आणि मागच्या दाराला कुलूप होतं. कापड चोरीला जातं म्हणून मालक रोज स्वतः लावायचे आणि किल्ली घेऊन पुढे ऑफिसात बसायचे. आग पुढच्या बाजूला लागली. एकदा संगीने कुलपाचं विचारलं होतं, तर मालक म्हणाले होते, “तुम्हाला पळून जायचंय का कुठे?” आम्ही हसलो होतो. मीही.

आठवड्याने पाळकसाहेब आमच्या खोलीवर आले. रविवारी मोठ्या उपासनेत तीच साक्ष पुन्हा द्यायची होती, बाहेरचे पाहुणे येणार होते. निघताना दारात थांबून हळूच म्हणाले, “पोलीस जबाब घेतायत. कुलपाबिलपाचं काही बोलू नकोस. आपण मूठभर माणसं. मंडळीची बदनामी झाली तर लोक आपल्यावर काय काय आळ घेतील, कळतंय ना?”

कळत होतं. लोकांनी आम्हाला काय काय म्हटलंय ते मी शाळेपासून ऐकलंय. आई तर त्यांच्या पायाच पडली. ते गेल्यावर मला म्हणाली, “वाच तेवढं. खोली जाईल गं.”



रविवारी बाईंनी पुन्हा कागद दिला. “या वेळी जरा मोठ्याने,” म्हणाल्या. मी पुढे गेले. कागद घडी करून बाजूला ठेवला.

“देवाने मला वाचवलं नाही. बाईंनी खोबरं खवायला नेलं होतं. बाकीच्या जणी आत कोंडलेल्या होत्या. दाराला कुलूप होतं. किल्ली मालकांकडे होती.”

“बसवा तिला!” मालक ओरडले. मी बसले नाही. माइक बंद झाला, म्हणून तेच पुन्हा माइकशिवाय सांगितलं. मागच्या बाकावर आई तोंडाला पदर लावून बसली होती.

तिथून बसने हडपसरला गेले. संगीची आई उंबऱ्यात बसली होती. तिने मला आत ये म्हटलं नाही, पाणी विचारलं नाही. मी समोर जमिनीवर बसले आणि कुलपाचं सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं.

“त्या दिवशी का न्हाई बोललीस?”

“घाबरले.”

“माझी पोरगी बी घाबरली आसंल,” ती म्हणाली.

तिने मला माफ केलेलं नाही. मीही माफी मागितली नाही. माफी मागायची आम्हाला फार घाई असते. दुसऱ्या दिवशी चौकीत जाऊन मी जबाब दिला. दोन वेळा वाचून घेतला, मग सही केली.

खोली गेली. आई आता धायरीला मावशीकडे असते, माझ्याशी कामापुरतं बोलते. मंडळीतले लोक रस्त्यात दिसले की वाट बदलतात. माझी प्रार्थना सुटलेली नाही, पण आता ती मी कोणाला वाचून दाखवत नाही.

केस चालू आहे. मालकांच्या वकिलाने मांडलंय की दार उघडंच होतं, बायकाच गोंधळल्या. माझी पाळी येईल तेव्हा मी पिंजऱ्यात उभी राहून पाचही जणींची नावं घेईन आणि दार कोणी बंद केलं ते सांगेन. मालक समोर बसलेले असतील. मी त्यांच्याकडे बघूनच सांगेन.