लग्नाचं लॉन आणि पलीकडची द्राक्षबाग

मला चकचकीत गोष्टींचं आकर्षण लहानपणापासूनच. पण पन्नाशीला आल्यावर एखादी बाई इतकी भुलू शकते, हे माझं मलाही लेकीच्या लग्नात कळलं. दोन हजार चार-पाचच्या सुमाराची गोष्ट. नाशकात तेव्हा मंगल कार्यालयं मागे पडून लॉन्सची लाट आली होती. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना लॉन, आणि लॉनपलीकडे द्राक्षबागा. आम्ही शहराबाहेरचं एक हिरवंगार लॉन ठरवलं. मार्गशीर्ष महिना, गोरज मुहूर्त, सहा वाजून चार मिनिटं. मी तर हवेतच होते.

जावयाचं घर पंचवटीतलं, यात्रेकरूंची पूजाअर्चा सांगणारं. जावई स्वतः नोकरीत होता, पण त्याचे आजोबा अजून पोथी सोडत नव्हते. साखरपुड्याच्या दिवशी त्यांनी मला बाजूला बोलावलं.

"विहीणबाई, मला काही नको. मानपान नको, आहेर नको. फक्त नातवाची मंगलाष्टकं मी म्हणणार. आणि माईक नको."

"माईक का नको, आजोबा?"

"मंत्र माणसाच्या तोंडून ऐकायचे असतात. भोंग्यातून नाही."

त्यांचा आवाज तेव्हा इतका बारीक झाला होता, की हेच वाक्य मला दोनदा विचारून घ्यावं लागलं. मी मोठ्या झोकात सांगितलं, "शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू जाईल आजोबा, शब्द देते." शब्द द्यायला माझं काय जात होतं!

आता लग्नाचं सगळं पाहणारं माणूस हवं होतं. आमच्याकडे दोघं आले. पहिली बाई मोपेडवरून आली. साधी सुती साडी, कमरेला किल्ल्यांचा जुडगा, हाताला झेंडूचा वास. घरची फुलशेती होती, आणि त्या लॉनवरची लग्नं ती लॉन झाल्यापासून सांभाळत होती. मी विचारलं, "तुमची थीम काय असते?"

"थीम म्हंजी?" ती म्हणाली. "ताई, मुहूर्त किती वाजता हाय, ते सांगा. आन् म्हातारी माणसं किती येनार?"

मी मनात म्हटलं, झालं! हिला अल्बम नाही, कार्ड नाही, थीमही नाही. हिच्या हाती माझी लेक द्यायची?

दुसरा आला तो पुण्याचा. टाय लावलेला, लॅपटॉप घेऊन. त्यानं तो आमच्या डायनिंग टेबलवर उघडला आणि पडद्यावर निळ्या-जांभळ्या उजेडातलं स्टेज फिरायला लागलं. समोरून, बाजूनं, वरून! मी त्याला तीनदा चहा दिला. लेक तेवढी कोपऱ्यातून म्हणाली, "यांनी आपलं लॉन पाहिलंय का?"

"मॅडम, लॉन इज लॉन," तो म्हणाला.

किती छान बोलतो, असं मला वाटलं. आज त्या वाक्यावर माझ्या नाती पोट धरून हसतात. मला मात्र तेव्हा त्यात ज्ञान दिसलं होतं. बाईंना मी फोन करून कळवलं, "आम्ही जरा वेगळ्या पद्धतीनं करतोय." 'वेगळ्या' हा शब्द मी असा काही उच्चारला, की आमचे हे पेपर खाली करून माझ्याकडे बघायला लागले.

लग्नाला दहा दिवस असताना तो आराखडा दाखवायला आम्हाला लॉनवर घेऊन गेला. संध्याकाळचे पाच वाजले होते. कुंपणापाशी उभा राहून त्यानं दोन्ही हात पसरले. "स्टेज इथे. मागे ही ग्रेप्सची नॅचरल बॅकड्रॉप. पडदासुद्धा लावायला नको." मला इतकं भरून आलं, की मी तिथल्या तिथे लेकीला वेलींसमोर उभं करून फोटो काढायला लावला.

फोटो निघाला आणि पलीकडे ट्रॅक्टर सुरू झाला. नुसता ट्रॅक्टर नाही, त्याच्यामागे फवारणीचा ब्लोअर. जणू विमानच उतरतंय असा आवाज! वेलींवरून औषधाचा ढग उठला आणि कुंपण ओलांडून सरळ आमच्या अंगावर. पुण्याच्या पाहुण्याच्या पांढऱ्या शर्टावर निळसर ठिपके उमटले. तो धावला, मी धावले, लेक तर हसून हसून खालीच बसली.

लॉनचा रखवालदार शांतपणे तंबाखू मळत होता. "रोजचं नाय हे. पन ढगाळ वातावरन आसलं तर फवारावंच लागतं त्याला. बाईंना म्हाईत हाय समदं."

आणि मला एकदम आजोबांचा तो बारीक आवाज आठवला. या विमानासमोर मंगलाष्टकं! 

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बाईंच्या घरी. त्या ओट्यावर बसून शेवंती निवडत होत्या. मला बघून त्यांनी पाट सरकवला, पण हात थांबवला नाही.

"या ताई. वेगळी पद्धत संपली का?"

मी बसले. दुसरा इलाज नव्हता. आजोबांची अट सांगितली, माझा शब्द सांगितला, ट्रॅक्टर सांगितला.

"तरी म्या पयल्याच दिशी इचारलं, म्हातारी माणसं किती म्हनून," बाई म्हणाल्या. "तुमी थीम काढली."

मग त्या सांगत गेल्या आणि मी चौथीतल्या पोरीसारखी ऐकत राहिले. स्टेज कुंपणापासून उचलायचं आणि पार समोरच्या टोकाला, खोल्यांकडे न्यायचं. मी म्हटलं, "पण तिथे तर जनरेटर आहे!"

"हाय ना. पन त्यो माझ्या हातात हाय. ट्रॅक्टर नाय."

आणि पलीकडच्या बागाईतदाराला अक्षता द्यायची. पत्रिका पाठवून चालणार नाही, जोडीनं त्याच्या घरी जायचं. "त्याला फवारनी बंद कर म्हनायचं न्हाई. ढग आले तर त्यो तुमच्या लग्नापायी बाग सोडंल व्हय? फकस्त म्हनायचं, कुंपनाकडचा पट्टा आधी उरक, मुहूर्ताला लांबच्या टोकाला ऱ्हा."

"आणि माझा तो पुण्याचा?"

"ऱ्हाऊ द्या की. फुलं झ्याक लावतोय म्हनं. लॉन म्या बघते."

आम्ही दोघं गेलो, बागाईतदाराच्या कपाळाला कुंकू लावून अक्षता दिली. त्यानं मान डोलवली. आमचे हे परतताना म्हणाले, "अगं, सोयऱ्यांच्या आधी तू ट्रॅक्टरला आमंत्रण दिलंस."

लग्नाच्या दिवशी दुपारी चारला आभाळ भरून आलं. अवेळी, खास माझ्यासाठी. साडेपाचला ट्रॅक्टरची धडधड माझ्या कानावर आली. लेक गौरीहरापाशी बसलेली, पाहुणे फेटे बांधून घेतायत, आणि मी पैठणीचा ओचा धरून बाईंना शोधत पळतेय.

"बाई, सुरू झाला तो!"

त्यांनी माझं मनगट धरलं. "थांबा. ऐका. आवाज जवळ येतोय का लांब जातोय?"

मी ऐकलं. लांब जात होता. कुंपणाकडचे वेल ओले दिसत होते, त्यानं आमचा पट्टा केव्हाच उरकला होता.

सहाला पाच मिनिटं कमी असताना मामा लेकीला घेऊन आला. अंतरपाट धरला. आजोबा काठी टेकत पुढे आले. बाईंनी स्वयंपाकघराकडचं दार ओढून घेतलं, बँडवाल्यांसमोर स्वतः जाऊन उभ्या राहिल्या, आणि मग जनरेटर बंद केला. झगमगाट गेला, निळा-जांभळा उजेड गेला. पुण्याचा माझा गडी किंचाळलाच, "मॅडम, लाइटिंग!"

"धा मिन्टं," बाई म्हणाल्या. "या लॉनवर सव्वासापातूर उजेड ऱ्हातो. मावळतीकडं मधी झाड न्हाई."

राहिला होता. राखाडी, मऊ उजेड. माणसांचे चेहरे नीट दिसतील एवढा. पाचशे माणसं आपोआप गप्प झाली, कारण एकदम सगळंच गप्प झालं होतं. आणि त्या शांततेत आजोबांचा आवाज निघाला. पहिली ओळ कापरी. दुसऱ्या ओळीला त्यांनी काठी नातवाकडे दिली आणि छाती भरून घेतली. मला राहवेना. मी साडी सावरत सरळ शेवटच्या रांगेत गेले. प्रत्येक अक्षर ऐकू येत होतं. पलीकडे बागाईतदार ट्रॅक्टर बंद करून कुंपणाशी आला होता, अंगावर औषधाचे डाग, मुठीत अक्षता. "सावधान" म्हटलं की तो त्या जपून दोन-दोन दाणे तारेवरून आत टाकत होता. मी उभ्या उभ्या रडत होते आणि हसतही होते.

शेवटचं मंगलाष्टक झालं, बँड वाजला, दिवे लागले. हार घालून झाल्यावर आजोबांनी मला हाक मारली. त्यांचा चेहरा लाल झाला होता.

"विहीणबाई, गेला का आवाज शेवटपर्यंत?"

"मी स्वतः मागे उभी राहून ऐकला, आजोबा."

"उत्तम व्यवस्था. माणूस कुणी निवडलं?"

बाई माझ्या शेजारीच पेढ्यांचं ताट घेऊन उभ्या होत्या. मी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"मीच," मी म्हणाले.

बाईंनी पदर तोंडाला लावला. त्यांचे खांदे इतके हलत होते, की ताटातले पेढे गडगडायला लागले.