पाना फिरायला जागा

अंबडच्या कारखान्यात मी डिझाइन विभागात लागले, तेव्हा आम्ही वरच्या मजल्यावर बसायचो आणि पंपांची जुळणी खाली चालायची. आम्ही ड्रॉइंग पूर्ण करून खाली धाडायचो. काही दिवसांनी ते जुळणीवाल्यांच्या लाल खुणांनी भरून परत यायचं. मग वादावादी. कामाची रीतच अशी असते, असं मला वाटायचं.

द्राक्षबागेतल्या फवारणीसाठी नवा पंप करायचं ठरलं, तेव्हा साहेबांनी पहिल्याच दिवशी जुळणीच्या फोरमनना वर आणून माझ्या शेजारी बसवलं. घोटीकडचे, पन्नाशी ओलांडलेले. मला ते मुळीच आवडलं नाही.

तिसऱ्या दिवशी त्यांनी माझ्या स्क्रीनवर बोट ठेवलं. "मॅडम, हा बोल्ट आवळायचा कसा?"

"पान्यानं," मी तोऱ्यात म्हटलं.

दुपारी त्यांनी प्लायवुडचा खोका आणला, अगदी माझ्या ड्रॉइंगमधल्या मापांचा. आत खरा बोल्ट. पाना माझ्या हातात दिला. सगळे बघत होते. पाना जरासा फिरला आणि खोक्याच्या भिंतीला अडला. जोर लावला तर बोटांची सालं निघाली.

"बागेत पंप बिघडला तर शेतकऱ्याला बी हेच करायचंय," ते म्हणाले, आणि माझ्या बोटांना लावायला स्वतःच पट्टी शोधून आणली.

माझे डोळे भरून आले. "काका, मग कुठं सरकवू?" मी विचारलं. काका म्हणण्याची ती पहिलीच वेळ.

"ही भिंतच पातळ करा ना."

"नको, दाबानं फुटेल." मी त्यांना हिशेब करून दाखवला. त्यांनी तो पुन्हा समजावून घेतला. "हे आम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं," म्हणाले. संध्याकाळपर्यंत आम्ही दोघांनी मिळून बोल्ट बाहेरच्या बाजूला घेतला. तो पंप पुढं एकही लाल खूण न होता तयार झाला.

आता माझं ऑफिस कारखान्यापासून दूर, गंगापूर रोडला आहे. मीटिंगमध्ये उत्पादनवाले स्क्रीनवरच्या चौकटीत दिसतात, 'आमच्याकडून ओके' म्हणतात आणि जातात. ते दिवस फार आठवतात.

मध्यंतरी घोटीला काकांच्या घरी गेले. जेवताना त्यांनी विचारलं, "सध्या काय बनवताय?" मी मोबाइलवर चित्र दाखवलं. त्यांनी चष्मा लावला, ताट बाजूला सारलं.

"भात गार होतोय," आतून काकू ओरडल्या.

"होऊ दे," काका म्हणाले, आणि बोटांनी चित्र मोठं करू लागले.